औषध पिलेल्या माणसाला आधी औषध द्या

“सायेब, औषध पिलंय त्यानं.”

आमच्या नगर जिल्ह्यात विषाला कुणी विष म्हणत नाही. कपाशीवर फवारायचं ते औषध, उंदराला घालायचं ते औषध, गोचिडाचं औषध, तणाचं औषध. आजीच्या बीपीच्या गोळ्या हेही औषधच. त्यामुळं रात्री-अपरात्री कॅज्युअल्टीच्या दारात गाडी थांबली आणि कुणी ‘औषध पिलंय’ म्हणून ओरडलं, की काय झालंय ते सिस्टरपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना कळतं. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण हे वाक्य काही बदललेलं नाही.

मी मूळचा पाथर्डी तालुक्यातला. एमबीबीएस झाल्यावर बाँडच्या वर्षात जिल्ह्याच्या दक्षिण भागातल्या एका ग्रामीण रुग्णालयात होतो. एका रात्री पिकअपमधून पस्तिशीतल्या एका माणसाला आणलं. अंगावर घामाने चिंब झालेला शर्ट, तोंडातून फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. सोबत त्याचा भाऊ आणि सासरे. पुस्तकात वाचलेलं सगळं चित्र समोर स्ट्रेचरवर पडलेलं होतं. निदानाला दहा सेकंदसुद्धा लागायला नकोत.

आणि मी पहिला प्रश्न काय विचारला? “पोलिसांत कळवलं का?”

दुसरा प्रश्न : केसपेपर काढला का? तिसरा : नाव, गाव, आणणाऱ्याचं नाव, नातं. चौथा : बाटली कुठंय? एमएलसीचं रजिस्टर कुणीतरी आणून दिलं आणि मी त्यात लिहायला लागलो. भाऊ म्हणत होता, “सायेब, आधी बघा ना त्याच्याकडं.” मी म्हणालो, “बघतोय, दोन मिनिटं.” आमच्या सीनियर सिस्टर तोवर ॲट्रोपिन भरून उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “सर, फॉर्म नंतरबी भरता येतो.”

गाडी आली तेव्हा अकरा चाळीस झाले होते. केसपेपरवर पहिल्या इंजेक्शनची वेळ बारा आहे, माझ्याच अक्षरात. तासाभरात आमच्याकडचे ॲट्रोपिनचे अँप्यूल संपले. मी रेफरची चिठ्ठी लिहिली. तो नगरच्या वाटेवर गेला.

त्या वीस मिनिटांमुळं तो गेला, असं कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. गेला नसता, असंही नाही. पण ती वीस मिनिटं मी त्याच्यावर नाही, माझ्यावर खर्च केली. उद्या मला कुणी काही विचारू नये म्हणून. हा लेख त्या वीस मिनिटांबद्दल आहे. माझं म्हणणं साधं आहे : आपल्या कॅज्युअल्ट्यांमध्ये विषबाधेचा पेशंट आधी आरोपी असतो, मग केस असतो आणि वेळ उरला तर पेशंट असतो. हे कायद्याला धरून नाही, वैद्यकशास्त्राला धरून नाही आणि हे चालू ठेवायला कुठलंही कारण पुरेसं नाही.

१. कायद्याचं नाव पुढं करू नका

‘आधी पोलीस’ हा नियम आहे असं मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. तो मी ड्युटीवर शिकलो, मोठ्यांचं बघून. त्यांनी त्यांच्या मोठ्यांचं बघून.

प्रत्यक्षात नियम बरोबर उलटा आहे. एका स्कूटरस्वाराला कारने उडवलं. जवळच्या दवाखान्यात नेलं तर डॉक्टरांनी सांगितलं, आम्हाला मेडिकोलीगल केस घ्यायची परवानगी नाही, वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या हॉस्पिटलला न्या. माणूस वाटेतच गेला. त्यावर सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली. ‘परमानंद कटारा विरुद्ध भारत सरकार’ या नावानं ती ओळखली जाते. २८ ऑगस्ट १९८९ रोजी निकाल लागला : डॉक्टर सरकारी असो की खाजगी, जीव वाचवणं हे त्याचं पहिलं कर्तव्य आहे आणि कुठलीही कायदेशीर प्रक्रिया त्याच्या आड येऊ शकत नाही. माझा जन्म झाला नव्हता तेव्हाचा हा निकाल. मी बाँड करत होतो तेव्हा तो आमच्या कॅज्युअल्टीपर्यंत पोचलेला नव्हता.

बरं, आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता ना? होता. भारतीय दंड संहितेचं कलम ३०९. पण २०१७ सालचा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याचं कलम ११५ म्हणतं, की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालायचं आणि त्याच्यावर ३०९ खाली खटला चालवायचा नाही. एवढंच नाही. त्याला उपचार देणं, त्याचं पुनर्वसन करणं, पुन्हा असं होऊ नये म्हणून काळजी घेणं ही जबाबदारी त्या कलमाने सरकारवर टाकली. पुढं १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि तिच्यात ३०९ सारखं कलमच ठेवलं नाही.

म्हणजे कागदावर तो माणूस आरोपी राहिलेला नाही. आमच्या नजरेत अजून आहे.

पोलिसांना कळवू नका असं मी म्हणत नाही. कुणी बळजबरीनं पाजलं असेल, घरात छळ असेल, तर तपास व्हायलाच हवा. पण चौकीला फोन करायला दोन मिनिटं लागतात, तो वॉर्डातल्या मामांनी केला तरी चालतो आणि रजिस्टर पेशंटचा श्वास सुरळीत झाल्यावर भरता येतं. पोलीस तासाभराने आले म्हणून कुणी मरत नाही.

२. कोण बिचारा, कोण हरामखोर

कॅज्युअल्टीत एक अलिखित उतरंड असते. साप चावलेला शेतकरी बिचारा. अपघातातला पोरगा बिचारा, तोंडाला दारूचा वास येत नसेल तर. औषध पिलेला मात्र ‘नाटक’. दारूनं विषबाधा झालेला तर त्याहून खाली : “पितात कशाला मरायला?”

ही उतरंड किती फसवी आहे ते पाहायला नगर तालुक्यातल्या पांगरमलला जाऊ या. फेब्रुवारी २०१७, जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या निवडणुकांचे दिवस. गावात प्रचाराची जेवणावळ झाली, सोबत दारू वाटली गेली. ती बनावट निघाली. माणसं एकामागून एक दवाखान्यात आणि तिथून स्मशानात गेली. लोक तेव्हाही म्हणालेच, “फुकटची ढोसायला गेले.” आणि मग पोलिसांच्या तपासात समोर आलं, की बनावट दारूचा धागा थेट नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या आवारातल्या कॅन्टीनपर्यंत जातो.

ही बातमी परत एकदा सावकाश वाचा. विषबाधा झालेल्या माणसाला जिथं न्यायचं, त्याच आवारात विषाचा धंदा.

आता सांगा, स्ट्रेचरवर आलेल्या त्या माणसाचा नैतिक दोष किती टक्के, आणि तो मोजायची जबाबदारी ड्युटीवरच्या डॉक्टरवर कुणी टाकली? बनावट दारूत मिथेनॉल असेल तर त्याचा स्वभाव मोठा कपटी असतो. सुरुवातीला माणूस साधा प्यायलेला दिसतो. मिथेनॉलपासून शरीरातच फॉर्मिक ॲसिड तयार होतं, त्याला वेळ लागतो. मग रक्त आम्लधर्मी होत जातं, डोळ्यांपुढं पांढुरकं दिसायला लागतं, दृष्टी जाते, श्वास जोरजोरात चालतो. याला उतारा आहे. फोमेपिझोल नावाचं औषध २०१३ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत आहे. ते नसेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली शुद्ध इथेनॉल देतात, आणि डायलिसिस. पण हे सगळं कधी सुचेल? समोरच्या माणसाला ‘दारुडा’ म्हणून कोपऱ्यातल्या खाटेवर झोपवलं नाही तरच. २०१५ च्या जून महिन्यात मुंबईत मालवणीला शंभरहून अधिक माणसं अशाच दारूनं गेली. तिथंही ती मोलमजुरी करणारीच होती.

‘उतरली की जाईल घरी’ हे वाक्य ज्या डॉक्टरच्या मनात येतं, तो तपासणं थांबवतो. हेटाळणी ही निव्वळ वाईट वागणूक नसते. ती निदान चुकवते.

३. नळीची शिक्षा

गावाकडं औषध पिलेल्याला घरीच मिठाचं पाणी पाजतात. कुठं शेणाचं पाणी, कुठं चिंचेचं. उलटी झाली की विष बाहेर पडेल ही समजूत. अर्धवट शुद्धीतल्या माणसाला उलटी करवली तर ती फुफ्फुसात जाते. मिठाचं पाणी जास्त झालं तर रक्तातलं सोडियम वाढून तेच जिवावर उठतं. हे अज्ञान आहे, मान्य. पण आम्ही शिकलेले काय करतो? आल्या आल्या नाकातोंडातून नळी घालतो आणि बादलीभर पाण्यानं पोट धुतो. बाहेरचे नातेवाईकही तेच विचारतात, “पोट धुतलं का?” पोट धुतलं म्हणजे उपचार झाला.

विषोपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या अमेरिकी आणि युरोपीय संघटनांनी कधीच स्पष्ट सांगितलंय, की पोट धुणं हा सरसकट करायचा उपचार नाही. फार तर पहिल्या तासाभरात, निवडक विषांसाठी, श्वासनलिका सुरक्षित केलेली असेल तर. श्रीलंकेतल्या ग्रामीण दवाखान्यांत घाईघाईत, पेशंटला दाबून धरून पोट धुताना झालेले अपघात डॉक्टरांनी नोंदवून ठेवलेत.

मग चार तासांनी आलेल्या, हातपाय झाडणाऱ्या पोरीला चौघांनी धरून आम्ही नळी का घालतो? मी घातलीय, म्हणून सांगतो. त्यात थोडी सवय असते, थोडा नातेवाइकांना दाखवायचा भाग असतो. आणि थोडा राग असतो. “परत घेशील का? घेशील परत?” असं नळी सरकवताना म्हणणारे लोक मी पाहिलेत. त्या क्षणी तो उपचार राहत नाही, शिक्षा होते.

४. वाचवतं काय?

खरं वाचवणारं काम दिसायला अगदी कंटाळवाणं असतं. फवारणीच्या ज्या औषधांना ऑर्गनोफॉस्फेट म्हणतात, ती शरीरातलं एक एन्झाइम बंद पाडतात. मग घाम, लाळ, फुफ्फुसातलं पाणी यांचे नळ सुरू राहतात आणि माणूस स्वतःच्याच पाण्यात बुडतो. ॲट्रोपिन हे नळ बंद करतं. पण ते एकदा टोचून भागत नाही. दर पाच मिनिटांनी छातीला स्टेथोस्कोप लावायचा, नाडी मोजायची, फुफ्फुस कोरडं झालं नसेल तर डोस दुप्पट करायचा. परत पाच मिनिटं. तोंडातली घाण सक्शननं काढत राहायची. श्वास मंदावला तर नळी टाकून अंबू बॅग दाबायची. हे तासन् तास.

यातलं सगळ्यात महाग यंत्र कुठलं? खाटेशेजारी बसलेला माणूस.

आणि हे काही लंडनलाच होतं असं नाही. आमच्या कर्जत-श्रीगोंद्याला खेटून असलेल्या बारामतीत गिरिराज हॉस्पिटल आहे. तिथल्या डॉक्टरांनी ऑर्गनोफॉस्फेटच्या २०० पेशंटवर एक अभ्यास केला, जो २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. प्रालिडॉक्झिम हे दुसरं औषध, ज्याला आम्ही पॅम म्हणतो, ते थांबून-थांबून देण्याऐवजी पहिले दोन दिवस सलग दिलं तर काय होतं? थांबून-थांबून दिलेल्या शंभरात आठ दगावले, सलग दिलेल्या शंभरात एक. पुढं श्रीलंकेतल्या अभ्यासात पॅमचा असा फायदा दिसला नाही, आणि त्या औषधावरचा वाद अजून मिटलेला नाही. पण माझ्यासाठी महत्त्वाचा आकडा वेगळाच आहे. तालुक्याच्या गावातल्या एका दवाखान्यात, ज्यांना आपण ‘गेलेली केस’ म्हणतो त्या दोनशे माणसांपैकी एकशे एक्याण्णव घरी गेली. कारण तिथं कुणीतरी दिवसरात्र बघत होतं.

त्याच्याही आधीचं उदाहरण कोकणातलं. महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर विंचू चावलेल्यांच्या उशाशी रात्र रात्र बसले, रक्तदाब आणि नाडीच्या नोंदी करत. लाल विंचवाचं विष हृदयावर जातं हे त्यांनी टिपलं आणि प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्तातली गोळी वापरून हे मृत्यू एखाद-दोन टक्क्यांवर आणले. १९८० च्या दशकात, पीएचसीत, ना आयसीयू ना व्हेंटिलेटर. ‘आमच्याकडं सोयी नाहीत’ हे वाक्य मीही शंभरदा म्हटलंय. बिरवाडी आठवली की ते घशात अडकतं.

५. “पुढं न्या”

क्षेत्रफळानं राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा आमचा, चौदा तालुक्यांचा. जामखेडहून नगर पाऊणशे किलोमीटर. अकोल्याच्या डोंगरातून तर विचारूच नका. आणि आमच्या कॅज्युअल्टीतला सगळ्यात लोकप्रिय उपचार म्हणजे “पुढं न्या”. पीएचसी म्हणते ग्रामीण रुग्णालयात न्या, ते म्हणतं सिव्हिलला न्या, तिथून पुण्याला ससूनला. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर, नवे तेच प्रश्न.

रेफर करणं चूक नाही. व्हेंटिलेटर लागणार असेल तर पाठवायलाच हवं. चूक आहे ती काहीच न करता पाठवणं. ॲट्रोपिन सुरू केलेला, सुई लावलेला, कुशीवर झोपवलेला पेशंट १०८ मध्ये डॉक्टरसोबत जाणं वेगळं. पिकअपच्या हौद्यात, उताणा, भावाच्या मांडीवर डोकं ठेवून जाणं वेगळं.

याच जिल्ह्यात, जामखेडला, रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्यानं १९७० पासून गावातल्या निरक्षर बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. दलित, विधवा, नवऱ्यानं टाकलेल्या बायका बाळंतपणं करायला लागल्या, आजार ओळखायला लागल्या. १९७९ साली त्या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, जगभरातून लोक जामखेडला शिकायला आले. ज्या जिल्ह्यात हे घडलं, त्या जिल्ह्यात आज प्रत्येक गावात आशाताई आहे. पेशंटला कुशीवर वळवा, मिठाचं पाणी पाजू नका, बाटली सोबत द्या, १०८ ला फोन करा : एवढं त्यांना दरवर्षी फवारणीच्या आधी नीट शिकवायला एक दुपार लागते.

६. “प्रकृती स्थिर”

कॉलेजातली एक मुलगी. घरातल्या डब्यातल्या तापाच्या-दुखीच्या साध्या गोळ्या घेऊन आली होती. चालत आली, बोलत होती, बीपी उत्तम. ड्युटीवरचे सगळे गालात हसले. “बॉयफ्रेंडचं काहीतरी असंल.” सकाळी घरी पाठवू, असं ठरलं.

पॅरासिटामॉलसारखी साधी गोळी प्रमाणाबाहेर गेली तर पहिला दिवस माणूस ठणठणीत दिसू शकतो. यकृताचं नुकसान दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बोलायला लागतं. उतारा आहे : एन-ॲसिटिलसिस्टीन, थोडक्यात नॅक. पहिल्या आठ तासांत दिला तर फार चांगलं काम करतो. १९७५ साली रुमॅक आणि मॅथ्यू यांनी एक साधा आलेख छापला : गोळ्या घेतल्यापासून चार तासांनंतर रक्तातलं प्रमाण तपासा आणि रेषेच्या वर आलं तर नॅक द्या. ती तपासणी मी होतो तिथं होत नव्हती. अशा वेळी शंका असेल तर उतारा सुरू करायचा असतो. नॅक बाहेरच्या मेडिकलमध्ये मिळत होता. तो मागवायला लावला तो परत त्याच सिस्टरनी. मुलगी वाचली.

डिस्चार्ज कार्डावर मी लिहिलं, ‘प्रकृती स्थिर’. का घेतल्या, हे पोलिसांनी विचारलं होतं, आईसमोर. तिनं सांगितलं, चुकून. तेवढंच लिहून घेतलं. एकटीला बसवून कुणीच विचारलं नाही. मीही नाही.

तीन आठवड्यांनी ती परत आली.

एकदा प्रयत्न केलेल्या माणसाला पुन्हा धोका सगळ्यात जास्त असतो, हे आम्हाला परीक्षेत येतं. त्यावरचा इलाजही अवघड नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांत एक प्रयोग केला, त्यात आपलं चेन्नईही होतं. २००८ मध्ये निष्कर्ष आले. इमर्जन्सीतून घरी जाताना तासभर नीट बोलणं, आणि पुढच्या दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट : कसे आहात, काही हवंय का? नेहमीच्या पद्धतीनं घरी पाठवलेल्यांमध्ये दीड वर्षात आत्महत्येनं गेलेले २.२ टक्के होते. ज्यांच्याशी बोलणं चालू ठेवलं त्यांच्यात ०.२ टक्के. कुठलं नवं औषध असा फरक पाडतं? आणि पाडलं असतं तर कंपनीनं ते आम्हाला केवढ्याला विकलं असतं?

२०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, सगळ्या राज्यांत सर्वाधिक. या आकड्यांवर शेतीमालाच्या भावापासून हुंड्यापर्यंत सगळी चर्चा होते, आणि व्हायलाच हवी. डिस्चार्ज कार्डावरच्या दोन शब्दांची चर्चा कुणी करत नाही.

दुसऱ्या खेपेला मी तिच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसलो. पाऊण तास लागला. काय बोलली ते इथं लिहिणार नाही, ते तिचं आहे. एवढंच सांगतो, की त्यात बॉयफ्रेंड कुठं नव्हता.

७. माझ्या लोकांचं म्हणणं

हे वाचून माझे डॉक्टर मित्र चिडणार. त्यांचं म्हणणं खोटं नाही. पेशंट दगावला की मार डॉक्टरला बसतो. हिंसाचाराविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे, पण मारहाण थांबलेली नाही. साक्षीला पाच वर्षांनी कोर्टात बोलावतात, तेही बदली झालेल्या गावाहून. रात्री एक डॉक्टर, एक सिस्टर, आणि तेव्हाच बाळंतपण. अशात कागद पक्का ठेवणं हा स्वतःला वाचवायचा एकच मार्ग उरतो.

सगळं खरं. म्हणून तर माझा राग एकट्या डॉक्टरवर नाही. ॲट्रोपिनचे अँप्यूल तासाभरात संपतील एवढेच ठेवणाऱ्या व्यवस्थेवर आहे. रजिस्टरच्या रकान्यांची तपासणी होते, पहिल्या इंजेक्शनच्या वेळेची होत नाही, तिच्यावर आहे. पण एक गोष्ट मला पटत नाही. मार खायची भीती कमी करायचीय ना? मग बाहेर उभ्या भावाला आत काय चाललंय ते दिसू द्या. ज्या नातेवाइकानं डॉक्टरला पेशंटच्या छातीशी वाकलेलं पाहिलं, त्याचा हात सहसा उठत नाही. रजिस्टरवर वाकलेलं पाहिलं तर उठू शकतो.

दुसरे म्हणतात, कॅज्युअल्टी ही शेवटची पायरी, मुळात जहाल विषंच बाजारातून काढा. बरोबर आहे. श्रीलंकेनं १९९५ पासून सगळ्यात जहाल कीटकनाशकांवर बंदी घातली आणि पुढच्या दहा वर्षांत तिथला आत्महत्यांचा दर निम्म्यावर आला. आपणही हे करावं, जोरात करावं. पण आज रात्री जी पिकअप येणार आहे, तिला बंदीच्या अधिसूचनेपर्यंत थांबायला सांगता येत नाही.

८. मागणं

माझ्या मागण्या चार. कॅज्युअल्टीच्या भिंतीवर मोठ्या मराठीत लिहा : ‘विषबाधेवर आधी उपचार, नंतर नोंद’, खाली १९८९ च्या निकालाचा उल्लेख. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात एक रात्र पुरेल एवढं ॲट्रोपिन, नॅक आणि चालू सक्शन मशीन ठेवा आणि त्याची तपासणी करा. केसपेपरवर ‘आल्याची वेळ’ आणि ‘पहिल्या औषधाची वेळ’ असे दोन रकाने छापा आणि त्यांतलं अंतर दर महिन्याला मोजा. आणि एकांतात कुणीतरी बोलल्याशिवाय, पुढचा फोन कधी येणार हे ठरल्याशिवाय डिस्चार्ज देऊ नका.

आणि तुम्ही, जे हे मोबाईलवर वाचताय, तुमच्यासाठी. कुणी औषध घेतल्याचं कळलं तर उलटी करवू नका, काही पाजू नका, कुशीवर झोपवा. माणूस बरा दिसत असला तरी घरी थांबू नका. १०८ लावा. बाटली किंवा गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या, नाहीतर लेबलचा फोटो काढा. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, १८०० ११६ ११७, रात्रीही चालू असतं. डॉक्टरलाही तिथून सल्ला मिळतो. दवाखान्यात ‘आधी पोलीस’ म्हणाले तर शांतपणे म्हणा, पोलिसांना मी फोन लावतो, तुम्ही सुरू करा. घरी आलेल्या माणसाला टोमणे मारू नका, नजर चोरू नका, जेवायला सोबत बसा. आणि हे वाचताना तुमच्याच मनात काही घोळत असेल, तर १४४१६ वर टेलिमानसला मराठीत बोलता येतं, कुठल्याही वेळी. जवळच्या कुणाला तरी आजच सांगा.

त्या सिस्टर आता रिटायर झाल्या. मध्यंतरी त्यांना फोन केला, हा लेख लिहितोय म्हणून सांगितलं. त्यांना ती रात्र आठवत होती. मी विचारलं, त्या वेळी तुम्ही माझ्या हातातलं रजिस्टर ओढून का घेतलं नाही?

त्या म्हणाल्या, “सर, तुम्ही डॉक्टर होता ना.”